मुरलेली घरं

व्हर्लन स्टकीला किळस यायची. कशाची, असं विचारू नये. कशाची येत नाही ते विचारावं, म्हणजे उत्तर लवकर संपतं. दुसऱ्याच्या घरच्या पेल्याची यायची. बँकेतल्या दोरीला बांधलेल्या पेनाची यायची. दारात सगळ्यांशी हात मिळवणाऱ्या पाद्रीबाबांचा तळहात बारा महिने ओला असे, तेव्हा प्रार्थना संपली की व्हर्लन मागच्या दारानं सटके. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांनी घरून आणलेल्या भांड्यांचं जेवण मांडलं जाई आणि हा गृहस्थ बायकोच्या भांड्यातलं तेवढं खाई. तिनं केलं नसेल त्या दिवशी पाकीटबंद चिप्स. डॉर्सीव्हिलमध्ये लोक म्हणत की देवानं व्हर्लनला नाक दिलेलं नाही, नाकाला व्हर्लन दिलाय.

या नाकावर त्यानं जन्मभर पोट भरलं होतं. गावाबाहेर बिस्किटांचा कारखाना होता. तिथं सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बिस्किटांतली करपलेली, वाकडी, संशयास्पद बिस्किटं वेचून फेकायची, एवढंच त्याचं काम. नाक मुरडायचा पगार देणारी नोकरी सगळ्या जॉर्जियात ही एकच असावी. ती गेली. कारखाना बंद पडला आणि व्हर्लन पांढरा कोट घडी करून घरी आला.

घरी आला आणि घरच वेचायला लागला. आधी फ्रिज, मग मसाल्यांच्या बाटल्या, मग बायकोचं, म्हणजे नेडीनचं, कपाट. तिच्या आईनं घालून दिलेली काकडीची लोणची त्यानं झाकण उघडून, वास घेऊन कचऱ्यात टाकली. नेडीन मुळात शांत बाई.

"व्हर्लन," ती म्हणाली, "घराबाहेर काहीतरी काम शोध. नाहीतर बाहेरचं काम मी शोधते, आणि मी गेले तर परत यायची नाही."

नेडीनचा भाऊ रॉइस मुलखाचा उचापती. त्याच्या शेडमध्ये जोरात पाणी मारून धुण्याचं एक यंत्र पडून होतं; कुणाकडून तरी मोडक्या होडीच्या बदल्यात घेतलेलं. ते, एक पाण्याची टाकी आणि एक ट्रेलर त्यानं व्हर्लनच्या दारात आणून सोडला. म्हणाला, भावजी, तुम्हाला नाही तरी सगळं घाणच दिसतं, मग ती धुवून तरी टाका.

समुद्र जवळ, हवा घामट. आमच्याकडे उत्तरेची भिंत म्हटली की ती हिरवी असायचीच. घरावर शेवाळ, कुंपणावर शेवाळ. एकाच जागी फार दिवस उभा राहिला तर माणसावरही धरेल. व्हर्लननं आपल्या दारापुढच्या काँक्रीटवर पहिला फवारा मारला आणि काळ्याकुट्ट पृष्ठभागावर एक पांढरीशुभ्र रेघ उमटली. तो तिच्याकडे बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा किळस वाटली आणि लगेच निघूनही गेली. लग्नातसुद्धा त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता, असं नेडीन अजून सांगते.

रेघ मारता मारता तो हद्द ओलांडून शेजारच्या हॉइट क्रिबच्या काँक्रीटवर वीतभर गेला. हॉइट कॉफीचा कप घेऊन बाहेर आला आणि त्यानं विचारलं, हे काय. व्हर्लन म्हणाला, धुतलं. मी सांगितलं होतं का, हॉइटनं विचारलं. व्हर्लन म्हणाला, नाही, पण बघवत नव्हतं. त्या दिवसापासून हॉइट बोलायचा बंद झाला. आता त्याच्या दारात एक वीत गोरी आणि बाकीचं सगळं गटाराच्या रंगाचं, आणि येणारा-जाणारा आधी तिकडेच बघे.

धंद्याची पाटी ट्रेलरवर चढली. लोकांनी फोनही केले. अंदाज सांगायला व्हर्लन जायचा आणि काम न घेता परत यायचा. डार्लीन यॉनच्या घरी गेला तेव्हा ती बिचारी नुसती म्हणाली, भिंत जरा बघता का. त्यानं बघितली आणि सांगितलं, "बाई, या भिंतीवर बेडूक राहत असतील तर तेही पाहुणे बोलवत नसतील." तळलेल्या माशांच्या हॉटेलामागची कचऱ्याची जागा बघायला गेला. तिथं तेलाचा थर इतका जुना होता की त्याच्यावर बुटाचे ठसे उमटून वाळले होते. व्हर्लन बाजूच्या झुडपात जाऊन सकाळची न्याहारी ठेवून आला. मालक दारात उभा होता.

नेडीननं एकदा सोबत जाऊन सगळा प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि घरी येऊन नवऱ्याला समोर बसवला. आपल्या गावात कुणाचं घर घाण नसतं, ती म्हणाली. लोखंडी तवा तेल पिऊन मुरतो ना, तसं घर मुरतं. भिंतीवर बोटभर बुरशी असली तरी म्हणायचं, जरा मुरलंय. कचऱ्याच्या डब्यात अळ्या वळवळत असल्या तरी म्हणायचं, उन्हाळ्यात मुरतंच. आणि म्हणताना तोंड असं करायचं नाही.

"कसं?" व्हर्लननं विचारलं.

"आत्ता आहे तसं."

मग आरशापुढे शिकवणी सुरू झाली. तोंडातून 'मुरलंय' येई, पण वरचा ओठ नाकाकडे चढे, आणि नाक तर म्हाताऱ्या सशासारखं आपल्या मर्जीनं हले. तिकडे रॉइसनं दुसरी सोय बघून ठेवली होती. कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्यात, आतडी ओढण्याच्या रांगेत, एक जागा रिकामी होती. सोमवारी हो-नाही सांगायचं होतं. व्हर्लनला रात्री स्वप्नात आतडी दिसत आणि ती कोमट असत.

शुक्रवारी मिस युलाली पर्व्हिसचा फोन आला.

मिस युलाली (आमच्याकडे वयस्कर बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात) चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. अर्ध्या गावाला त्यांनी पियानो शिकवला होता आणि उरलेल्या अर्ध्याला तो न शिकल्याबद्दल झापलं होतं. त्यांनी एखाद्या न्हाव्याला बरा म्हटलं की गाव तिथं जाई. वाईट म्हटलं की न्हावी गाव सोडे. नेडीननं व्हर्लनला शर्ट इस्त्री करून दिला आणि दारापर्यंत पोचवायला आली. काम मिळालं तर गाव आपलं, ती म्हणाली. नाही मिळालं तर सोमवारी कोंबड्या.

घर मोठं, लाकडी फळ्यांचं, पुढे रुंद पडवी. एकेकाळी पांढरं असावं. उत्तरेकडून शेवाळ निघालं होतं, पूर्वेकडून काळी बुरशी, आणि दोघांची गाठ पुढच्या दारावर पडली होती. पडवीच्या कठड्याला हात लावला तर हाताला काहीतरी चिकटलं आणि सोबत आलं. व्हर्लननं हात पँटला पुसला, मग पँटची किळस आली.

मिस युलाली झुलत्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर एक मांजर, पायाशी तीन, आणि एक टेबलावर ताटाशेजारी. आमच्याकडे वयस्कर बाईच्या पडवीत माणूस आला की तो खाल्ल्याशिवाय कामाचं बोलत नाही. बोलला तर त्याला आई नव्हती असं समजतात.

ताटात पेअरचं सॅलड होतं. डब्यातल्या पेअरची अर्धी फोड, तिच्या खळग्यात मेयोनेजचा गोळा, त्यावर किसलेलं चीज आणि शेंड्यावर लाल चेरी. व्हर्लनला हे बालपणापासून भेडसावत आलं होतं. त्याच्या मते हा पदार्थ म्हणजे कुणाचा तरी उपटलेला डोळा होता. आज तर मेयोनेजच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि चीजवर एक केस होता, मांजराच्या रंगाचा. मांजर टेबलावरून व्हर्लनकडे बघत होतं. त्याची जीभ अजून थोडी बाहेर होती.

व्हर्लननं खाल्लं. कोंबड्यांची आतडी डोळ्यांपुढे आणली आणि खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, मानेवर काटा आला, पण ओठ जागेवर राहिला. छान झालंय, मिस युलाली, तो म्हणाला, आणि नेडीन इथं हवी होती असं त्याला वाटलं.

"बरं," मिस युलाली म्हणाल्या. "आता घराकडे बघ आणि मला सांग, कसं दिसतंय."

व्हर्लननं घराकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं.

"जरा मुरलंय."

बाक झुलायचं थांबलं. मिस युलालींनी मांडीवरचं मांजर उचलून खाली ठेवलं.

"डार्लीन यॉनच्या भिंतीला काय म्हणालास तू? बेडूक राहत असतील, पण पाहुणे बोलवत नसतील?"

व्हर्लन मनातल्या मनात कोंबड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. चुकलं, तो म्हणाला, पुन्हा नाही होणार.

"पुन्हा होणार नसेल तर ट्रेलर घेऊन घरी जा," मिस युलाली म्हणाल्या. "अरे, मला दिसत नाही. माझा नवरा वेंडल वारला त्या वर्षापासून डोळ्यांवर दूध सांडल्यासारखं झालंय. ऑर्गनचं काय, बोटांना पाठ आहे. घराचं विचारलं की पाद्रीबाबा म्हणतात मुरलंय. शेजारीण म्हणते मुरलंय. माझी सख्खी बहीण म्हणते मुरलंय आणि गाडीतून उतरत नाही. सगळ्या गावात एक अडाणी, तोंडाळ, मॅनर्स नसलेला माणूस आहे म्हणून कळलं, म्हणून तुला बोलावला. आणि तू आलास शर्टाला इस्त्री करून. सांग नीट. कसं दिसतंय?"

व्हर्लननं एकदा रस्त्याकडे पाहिलं. नेडीन दिसली नाही. मग त्यानं ओठाला मोकळा सोडला.

त्यानं उत्तरेपासून सुरुवात केली. शेवाळ इतकं दाट आहे की गाय बांधावी, तो म्हणाला. पुढच्या दारावरची बुरशी माणसाच्या बगलेसारखी दिसते. खिडक्यांच्या चौकटीत मेलेल्या माश्यांचा थर आहे आणि त्याच्यावर जिवंत माश्यांची वर्दळ आहे. पन्हाळीत पानं कुजून त्यांचा काढा झालाय आणि तो भिंतीवरून तपकिरी ओघळानं उतरतोय. कुठून काय गळतंय असं वाटतं ते तोंडानं सांगता येणार नाही. पायऱ्यांखाली काहीतरी मेलंय, बहुधा खार, बहुधा वसंतात. कठडा चिकट आहे. बाकसुद्धा चिकट आहे, मिस युलाली, तुम्ही उठाल तेव्हा तुम्हाला आवाज येईल.

मिस युलाली डोळे मिटून ऐकत होत्या, एखादी जुनी धून ऐकावी तशा.

"आणि पेअर?"

"मेयोनेज उतरलंय," व्हर्लन म्हणाला. आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "वर मांजराचा केस होता. आणि माझ्याआधी ते मांजर जेवलं असावं."

"अरे देवा. गेल्या आठवड्यात पाद्रीबाबांनी दोन खाल्ली. म्हणाले, स्वर्गात असं मिळत असेल."

"मग ते खोटं बोलले."

"पाद्री माणूस," मिस युलाली म्हणाल्या, आणि अशा हसल्या की चारही मांजरं पडवीतून पळाली. पाचवं ताट चाटत राहिलं. "चल, लाग कामाला. आणि निघेल ते मोठ्यानं सांगत जा. मला ऐकायचंय."

व्हर्लननं ट्रेलरवरून नळी ओढली. लाकडी भिंतीवर जोराचं पाणी मारत नाहीत. आधी साबण आणि ब्लीचचं पाणी हळू फवारायचं, ते मुरू द्यायचं, मग साध्या पाण्यानं खाली उतरवायचं. मिस युलाली अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि व्हर्लन शिडीवरून ओरडून सांगू लागला. हिरवं निघालं. आता काळं. आता तपकिरी, आणि मिस युलाली, याचा वास सांगू का? सांग, त्या म्हणत, आणि तो सांगे. रस्त्यावरून जाणारे लोक गाडी हळू करून ऐकत. डार्लीन यॉन दोनदा गेली आणि दोनदा परत आली. फळ्या एकेक करून पांढऱ्या होत होत्या, आणि व्हर्लनला वाटत होतं की देवानं आपल्याला एवढं मोठं नाक दिलं ते उगाच नाही.

शेवटी राहिलं पडवीचं छत. आमच्याकडे जुन्या घरांची छतं फिकट निळी रंगवतात. भुतांना ते पाणी वाटतं आणि त्यांना पाणी ओलांडता येत नाही, म्हणून ती घरात शिरत नाहीत. त्या निळ्या छताच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीच्या नळ्यांचं घर केलं होतं. व्हर्लननं काठीनं एक नळी फोडली. आतून कोळी पडले. मेलेले नाहीत, बधिर केलेले, पिल्लांसाठी साठवून ठेवलेले. एक त्याच्या कॉलरमध्ये पडला आणि आत गेल्यावर शुद्धीवर आला.

मग मात्र व्हर्लन माणसात राहिला नाही. त्यानं पाण्याच्या नळीचं हळू फवारणारं तोंड काढलं, दगड कापायचं बारीक तोंड लावलं आणि त्या कोपऱ्यावर सगळा जोर सोडला. माशीचं घर गेलं. कोळी गेले. आणि त्यांच्यामागोमाग ताटाएवढा निळा रंग खपलीसारखा सुटून खाली आला.

यंत्र बंद केल्यावर फार शांतता झाली. काय रे आवाज झाला, अंगणातून मिस युलालींनी विचारलं.

व्हर्लननं वर पाहिलं. उघडं लाकूड दिसत होतं. यांना दिसत नाही, त्याच्या मनात आलं. उद्या अंधारात येऊन रंग फासला तर सगळ्या गावात कुणाला कळायचं नाही. आणि आत्ता सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळेल आणि सोमवार तर तोंडावर आलाय. माशीचं घर काढलं, एवढंच म्हटलं तरी ते खोटं नव्हतं. तोंड उघडलं आणि त्याला त्या वाक्याचीच शिसारी आली. उतरलेल्या मेयोनेजची चव होती त्याला.

"मिस युलाली, तुमच्या छताचा रंग गेला. ताटाएवढा. माझ्या चुकीनं; चुकीचं तोंड लावलं. बरबटलेल्या बुटानं पलंगावर चढावं तसं दिसतंय."

मिस युलाली काठी टेकत उठल्या, पडवीच्या पायरीपाशी आल्या आणि वर न बघता म्हणाल्या,

"निळा रंग मागच्या शेडमध्ये आहे. सोमवारी येऊन लाव. आणि तोपर्यंत त्या उघड्या जागेतून वेंडल आलाच, तर मी त्याला बाहेरूनच सांगेन, पाय पुसून ये."