नत्थुजींनी राखलेलं फाटक

बाप्तिस्म्याचं नाव नथनेल. पण अकोटात एवढी जीभ वळवत बसायला कोणाला सवड आहे? एसटीच्या आगारात, भाजीबाजारात, इतकंच काय, चर्चमध्येसुद्धा सगळे त्यांना नत्थुजीच म्हणत आले. उभी हयात कंडक्टरकीत गेली. माणूस नियमाचा असा पक्का, की लग्नानंतर सासूबाई पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसल्या, तर त्यांच्याही हातात तिकीट ठेवलं. सासूबाईंनी ते तिकीट गावभर दाखवलं. बायको करुणाबाई अजून त्यावरून टोमणे मारतात, आणि मारायलाच पाहिजेत.

निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीनं त्यांना वडील नेमलं. वडील म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल मंडळीचा कारभार पाहणारा माणूस. दफनभूमीच्या फाटकाची किल्लीही त्यांच्याकडेच आली. तरुण संघाच्या सभेत नत्थुजींचा एक आवडता विषय असायचा, तो म्हणजे सरकार. बायबलात पौलानं साफ लिहून ठेवलंय, सत्ता देवानं नेमलेली असते, तिच्या अधीन राहा. एखादी आगाऊ पोरगी विचारायची, "अन् राजा म्हनला प्रार्थना करू नको, तं? दानिएलानं कुठं आयकलं?" नत्थुजी म्हणायचे, "तुले कोनी सिंहाच्या गुहेत टाकून राह्यलं काय? आधी हेल्मेट घालत जा." सगळे हसायचे आणि विषय तिथंच संपायचा. नत्थुजींना वाटायचं, आपण जिंकलो.

खोटं ते बोलत नसत. एक सोडून, आणि ते खोटं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. गाडी गच्च भरलेली, थांब्यावरची माणसं दाराला लोंबकळू पाहतायत, अशा वेळी कुठला कंडक्टर म्हणत नाही, "मागून गाडी येऊन राह्यली, एकदम खाली"? मागे गाडी कुठली! पण माणसं दांडी सोडतात, कंडक्टर डबल बेल मारतो आणि गाडी निघते. नत्थुजींच्या तोंडात हे वाक्य इतकं मुरलं होतं, की म्हणताना पापणीसुद्धा हलत नसे.

तर कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. वच्छलाबाई गेल्या. कोरोनानं नव्हे, भाकरी थापता थापता छातीत कळ आली आणि कारभार आटोपला. त्यांचे यजमान शिमोन तायडे म्हणजे दवाखान्यातले जुने कंपाउंडर आणि नत्थुजींचे जिवाभावाचे मित्र. वच्छलाबाई जन्मानं माळ्याच्या, डोंगराच्या पायथ्याच्या गावच्या. शिमोनशी लग्न केलं तेव्हा माहेर तुटलं. कैक वर्षांनी भाऊ पुंजाराम येऊ-जाऊ लागला. तो भाजी पिकवायचा, म्हणून रिकाम्या हातानं कधी यायचा नाही; मेथी, वांगी, काही ना काही पिशवीत असायचंच. तुटलेलं असं हळूहळू सांधलं होतं.

आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरून येतं. भाऊ आणतो. ख्रिस्ती झालेल्या कितीतरी घरांनी ही रीत अजून सोडलेली नाही. देव बदलला म्हणून बाईचं माहेर थोडंच बदलतं? पुंजारामनं फोनवर सांगितलं, "लुगडं घेऊन निंघालो. माह्यासाठी थांबजा."

पण सरकारचा हुकूम होता, मातीला वीस माणसं, वर एक नको. चौकात पोलिसांची गाडी उभी होती. आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावात मयतीवरून गुन्हा नोंदला गेला होता. पाळकसाहेब म्हणाले, फाटक नत्थुजींकडे द्या, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही. आत जाताना शिमोन त्यांच्यापाशी थांबला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "नत्थुभाऊ, पुंजाराम येईन. त्याले आत घेजा."

"पाहतो," नत्थुजी म्हणाले.

आता मयतीला माणसं कधी मोजून येतात का? दर्यापूरचे चुलतभाऊ आले, दवाखान्यातली माणसं आली, नाही नाही म्हणता वीस भरले. नत्थुजींनी कडी घातली. आत कडुनिंबाखाली पेटी उघडी होती, शेवटचं दर्शन चाललं होतं आणि लोक गाणं म्हणत होते. नत्थुजींची पाठ पेटीकडे आणि डोळे चौकातल्या गाडीकडे.

तेवढ्यात पुंजाराम मोटरसायकलवरून आला. त्याला नाक्यावर अडवून ठेवलं होतं, म्हणून उशीर झाला होता. घामानं निथळत होता आणि लुगड्याची पिशवी छातीशी धरलेली. "भाऊ, उघडा," तो म्हणाला. नेमका त्याच वेळी एक शिपाई गाडीतून उतरून इकडं पाहायला लागला. आणि नत्थुजींच्या तोंडून, थांब्यावर निघायचं तसंच, न अडखळता निघालं, "पेटी बंद झाली, पुंजारामजी. माती देऊन राह्यले. आता आत जाऊन काय फायदा? जा तुमी घरी."

पुंजाराम फाटकाचा गज धरून थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं गज सोडला, मोटरसायकल वळवली आणि गेला. नत्थुजींना तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. पुढं त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

माती झाल्यावर शिमोननं विचारलं, "पुंजाराम नाई आला?"

"रस्ते बंद हायेत न," नत्थुजी म्हणाले.

एवढंच. पण एवढ्यानं दोन घरं पुन्हा तुटली. सख्खा भाऊ बहिणीच्या मातीला आला नाही, हे शिमोननं मनात धरलं. ना त्यानं फोन केला, ना तिकडून आला. चर्चमधून निघताना म्हणायचा, "आमचा देव त्यायले कधी पटलाच नाई. ती मेल्यावर दाखवून देल्लं." नत्थुजी शेजारी चालत असायचे. रोज ठरवायचे, उद्या सांगू. असला उद्या कधी उजाडतो का!

मनाची समजूत घालायला शास्त्र हाताशी होतंच. हुकूम सरकारचा, आपण तो पाळला, मग पाप कसलं? हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा बजावलं, की खरं असतं तर एकदा सांगून भागलं असतं. वर्षं गेली, मास्क गेले, पण फाटकाची कडी घालताना त्यांचा हात जड व्हायचा तो व्हायचाच.

मग यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात पाळकसाहेबांनी मिसर देशातल्या सुइणींवर उपदेश केला. फारो राजाचा हुकूम होता, इब्री बायांना मुलगा झाला की जन्मताच मारा. सुइणींनी मारलं नाही. राजानं जाब विचारला तर खुशाल थाप ठोकली, आम्ही पोचायच्या आधीच बाया बाळंत होतात म्हणून. आणि देवानं त्यांचं भलं केलं. मंडळी माना डोलवत होती. नत्थुजींना मात्र बाकावर बसवेना. सुइणी राजाशी खोटं बोलल्या, लेकरांचा जीव वाचवायला. आपण राजाच्या वतीनं खोटं बोललो, आणि तेही बहिणीच्या मातीला आलेल्या भावाशी. बरं, राजानं खोटं बोलायला सांगितलंही नव्हतं. त्यानं फक्त वीस सांगितले होते.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला सारं सांगून टाकलं. करुणाबाईंनी वरण वाढता वाढता ऐकलं.

"वीस भरले होते म्हनता. ते तुमाले धरून?"

"धरून."

"मंग तुमी बाहीर व्हायचं अन् त्याले आत सोडायचं. त्यात कोनता कायदा मोडत होता?"

नत्थुजींचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. गाडी भरली म्हणून कंडक्टर कधी खाली उतरतो का! घरातल्या घरात त्यांना मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी ते पुंजारामच्या गावी गेले. पुंजाराम अंगणात बसून बाजाराच्या मेथीच्या जुड्या बांधत होता. केस पार पांढरे झाले होते. "या," म्हणाला, पण उठला नाही. सुनेनं पाणी आणून दिलं. नत्थुजी उभ्या उभ्याच बोलले.

"त्या दिवशी पेटी उघडी होती, पुंजारामजी. मी खोटं बोललो."

पुंजारामचे हात चालूच होते. "मालूम हाये मले."

"मालूम हाये?"

"शिमोनरावाची आई मेली तवा मी होतो न. तुमचे लोक पेटी उघडी हाये तवरोक गानं म्हनतात. बंद केली का मंग प्रार्थना. त्या दिवशी गान्याचा आवाज येऊन राह्यला होता."

"मंग वापस काहून गेले?"

"मले वाटलं, शिमोनरावानंच तुमाले सांगतलं असन, याले आत घेऊ नका म्हनून. त्याच्या घरचं मरन. तिथं काय भांडाव मानसानं? लुगडं घरात ठेवता येत नाई, नदीत सोडून देल्लं."

"नाई हो," नत्थुजी म्हणाले. "त्यानं तं तुमाले आत घ्या म्हनून सांगतलं होतं. मीच पोलिसाले भेलो. त्याचा काई दोष नाई. माहाच हाये सारा."

आता पुंजारामचे हात थांबले. जुडी तशीच अर्धवट बांधलेली राहिली.

"खरं सांगतलं असतं तुमी," तो म्हणाला, "का बावा वीस झाले, पोलीस हाये, तं मी काई तुमाले कायदा मोडाले लावला नसता. भिंतीच्या बाहीर उभा राह्यलो असतो, रस्त्यावर. गानं तं पुरं आयकलं असतं."

नत्थुजींनी हात जोडले. "आजच शिमोनले सांगतो सारं. त्याले घेऊनच येतो इथं."

"आना." पुंजारामनं उपरण्यानं डोळे पुसले. "एक सांगा पन. तुमी तं आतच होते. कोनतं गानं होतं ते? मले नुसता आवाज आला, बोल नाई समजले. वच्छीले गान्याची लय हौस होती."

नत्थुजींनी तोंड उघडलं. मंडळीची गाणी त्यांना झोपेतसुद्धा पाठ होती. चौकातली गाडी त्यांना आठवली. शिपायाची टोपी आठवली, त्यानं काठी कोणत्या हातात धरली होती तेही आठवलं. गाणं आठवेना. पुंजाराम त्यांच्या तोंडाकडं पाहत होता.

"मी नाई आयकलं," नत्थुजी म्हणाले.