कुंदाबाईंची तिसरी डिस्क

आमच्या रुपचंदशेठना अक्कल देताना देवानं हात आखडता घेतला आणि ती कसर आवाजात भरून काढली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी जळगावच्या छापखान्यात कॉम्प्युटर आणले. एक मोठा, त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि त्याला जोडलेले दोन लहान. सगळं काम सर्व्हरच्या डिस्कवर, आणि त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर. ही दुसरी डिस्क कुठे? त्याच डब्यात, पहिलीला खेटून! जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तशी व्यवस्था.

त्या मशीनवर कुंदाबाई बसायच्या. सासर पारोळ्याकडचं. नवरा भाईदास गेला, तेव्हा टायपिंग शिकून त्या आमच्याकडे आल्या. बाई पुरुषांत बसते म्हणून सासरच्यांनी तोंड फिरवलं. घरी बसून उपाशी मेल्या असत्या, तर केवढा मान मिळाला असता! मी तिथं प्रूफं तपासायचो, त्यामुळे हे सगळं समोरच बघत होतो.

दर शनिवारी कुंदाबाई एका जुन्या मशीनची डिस्क जोडायच्या, सगळ्या कामाची आणखी एक नक्कल उतरवायच्या, डिस्क काढून फडक्यात गुंडाळायच्या आणि घरी ज्वारीच्या कोठीत ठेवायच्या. शेठ म्हणायचे, "बाई, तिचं पीठ दळून आणा!" आणि स्वतःच हसायचे.

एप्रिलात मशीन अडलं. जागा संपली. शेठ गरजले, "त्या लग्नपत्रिका उडवा आधी!"

आता खान्देशातली लग्नपत्रिका म्हणजे अख्खी भावकी छापायची. एक नाव गळालं की दोन पिढ्या बोलणं बंद. कुंदाबाईंनी कुणी किती जागा खाल्ली ते स्क्रीनवर काढलं. तालुक्यातल्या सगळ्या पत्रिका एका कोपऱ्यात मावत होत्या. बाकी डिस्क शेठच्या सत्काराच्या फोटोंनी खाल्ली होती, आणि तोच हार, तेच हसू, चार-चार वेळा. शेठ म्हणाले, "ते राहू द्या, आठवणी आहेत." माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुंदाबाईंनी मात्र प्रत्येक फोटोची एकच प्रत ठेवून जागा केली.

त्याच सुमारास कुंदाबाईंचे धाकटे दीर कौतिक पाटील मुलाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. गावात दुसरे छापखाने होते, पण सोनेरी शाई आमच्याकडेच. निमंत्रकांच्या यादीत कुणा सरळ माणसानं कुंदाबाईंचंही नाव घातलं होतं. कुंदाबाईंनी ते टाइप केलं आणि दोनदा वाचलं. त्या दिवशी त्या चक्क गुणगुणत होत्या. शनिवारी नक्कल उतरली. सोमवारी कौतिकभाऊ प्रूफ बघायला आले आणि लाल पेनानं नेमकी तीच ओळ उडवली. कुंदाबाईंनी ती काढली आणि विचारलं, "चहा घेता?" मला त्या माणसाला उचलून रस्त्यावर ठेवावंसं वाटलं.

बुधवारी गेलेली वीज आली ती अशी काही आली, की सर्व्हरमधून धूर निघाला. दोन्ही डिस्का जोडीनंच गेल्या. मूळ यादी आणि जुनं प्रूफ रद्दीतून भजीवाल्याकडे पोचलेलं. लग्न तोंडावर, कौतिकभाऊ धावतच आले. शेठचा आवाज पहिल्यांदा बसला.

कुंदाबाईंनी कोठीतली डिस्क आणली. पत्रिका जशीच्या तशी उघडली आणि निमंत्रकांत दिसलं, 'श्रीमती कुंदाबाई भाईदास पाटील'.

"ती ओळ काढा हो, क्षणाचं काम!" शेठ म्हणाले.

"एकदा मी काढली," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी ओळ निवडली, ती काळी झाली. मग कीबोर्ड दिराकडे सरकवला. "आता तुम्ही काढा, कौतिकभाऊ. हे बटण."

कौतिकभाऊंनी बोट पुढे केलं. ओळ पुन्हा वाचली. थोरल्या भावानं त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलेलं, हे अख्ख्या पारोळ्याला ठाऊक होतं.

"हाई दाबं ते... भाऊनं नाव बी जाई का?" भावाचंही नाव जाणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"एकच ओळ शे. दोन्ही जाई," कुंदाबाई म्हणाल्या.

ते बोट तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते टोपीला लावलं, उगाचच टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, वहिनी."

कुंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कागद पुढे केला. "मग प्रूफवर सही करा."