बाबांच्या हाताशी एक बटण

संध्याकाळी माहेरी गेले, तर बाबा अंधारात बसलेले. आयुष्यभर लोकांच्या घरांत वायरिंग केलेला माणूस स्वतःच्या खोलीत दिवा लागायची वाट बघत होता. दादाने मोबाइलवर चालणारे बल्ब बसवून भिंतीवरची बटणं कुणी बंद करू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली होती.

"अगं, नुसतं बोललं तरी लागतात ते," दादा आल्यावर म्हणाला.

"अर्धांगवायूनंतर बाबांची जीभ जड झालीय. बल्बला माहीत नसेल, तुला तर माहीत होतं."

आपल्याच घरात उजेड मागून घ्यायचा, याला सोय म्हणतात. माझा संताप रात्रभर उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बल्बांना चालणारं भिंतीवरचं बटण आणलं. ते दादाच्या मोबाइलला जोडताना तीनदा फसलं. मी ते दाराजवळ धरलं, तेव्हा बाबा अडखळत म्हणाले, "तिथे नको. पलंगाजवळ, खाली. बसून हात पोचला पाहिजे."

बटण बसलं. त्यांनी दाबलं, दिवा लागला.

"किती दिवस असे बसत होतात?" मी विचारलं.

त्यांनी दिवा विझवला आणि पुन्हा लावला. दादा खाली बघत होता. मला त्याची दया आली नाही.