मोठेबाबांची काळी जीभ

उभ्या चांदा जिल्ह्यात इतकं अभद्र बोलणारा आणि तरीही इतका लाडका माणूस दुसरा झाला नसेल. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा. कोणी बैलगाडी जुंपली की ओट्यावरून सांगणार, चाक मोडन. कोणी जाळं घेऊन तलावाकडे निघालं की, बुडशीन लेका. चाक कधी मोडलं नाही, बुडलंही कोणी नाही. उलट त्यांचं ऐकल्याशिवाय गाव सोडलं तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

एका पावसाळ्यात त्यांना मुदतीचा ताप आला. डॉक्टरनं तेव्हा नव्यानंच निघालेल्या कॅपसूल दिल्या, दर सहा तासांनी एक, पुरे चौदा दिवस. ताप चौथ्या दिवशी उतरला, पण पोट असं बिघडलं की हातातला लोटा सुटेना. भात लोखंड चाटल्यासारखा लागे. मोठेबाबांनी डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे तब्येत सुधारत होती. दहाव्या दिवशी मात्र आरशात पाहतात तर जीभ काळीकुट्ट, वर अस्वलासारखी लव! मोठीआईनं मीठ लावून कडुनिंबाच्या काडीनं खरवडून पाहिली. ढिम्म फरक नाही.

काळ्या जिभेच्या माणसाचं बोलणं खरं होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि घरात ताई, त्यांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला आलेली. त्याच सकाळी ती विहिरीवर निघाली तेव्हा हे सवयीनं बोलून गेले होते, घसरून पडशीन. मोठेबाबा पांढरेफटक पडले, उरलेल्या गोळ्या फेकायलाच निघाले. डॉक्टर हसला. म्हणाला, हा गोळ्यांचाच प्रताप, संपल्या की जाईल. मध्येच सोडल्यात तर ताप उलटेल. मग गोळ्या चालू राहिल्या आणि मोठेबाबांनी तोंडाला दुपट्टा बांधला. ताई उठली की यांचा जीव वरखाली. सारं गाव सुनंसुनं झालं. शेजारी जाळं खांद्यावर घेऊन ओट्यापुढे ताटकळला. यांनी हातानंच जा म्हटलं. तो बिचारा सरळ घरी परतला, तलावावर गेलाच नाही.

गोळ्या संपून दोन दिवस झाले आणि ताईला कळा सुरू झाल्या. मोठेबाबा अंगणात दुपट्टा दातांत धरून बसले. दुपारी सुईणीनं नात आणून मांडीवर दिली. ताई सुखरूप होती. त्यांनी दुपट्टा सोडला आणि मोठीआईपुढे जीभ काढली.

“हाय अजून थोडी काळी,” ती म्हणाली.

मोठेबाबा घाईघाईनं नातीच्या कानाशी वाकले. “दात पडून, कंबर वाकून, शंभर वर्साची थेरडी होऊन मरशीन लेके.”

मोठेबाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता गावाहून निघताना सगळे मला नीट जा म्हणतात, आणि मला वाटभर धाकधूक होते. मागच्या महिन्यात साठी उलटलेल्या त्या भाचीचा फोन आला होता. पहिला दात पडला म्हणून सांगताना तिला इतका आनंद झाला होता, की मला रडूच आलं.