गप्प बसलेली चाळ

ती घटना आठवली की मला आजही सर्वांत आधी माझीच सही दिसते. "जागेची कसून पाहणी केली. हाका मारल्या. प्रतिसाद नाही." या तीन वाक्यांखाली मी निळ्या शाईने सही केली होती आणि घरी जाऊन पोटभर जेवलो होतो.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सोमवारी संध्याकाळी ठाकुर्लीत राहणारा पस्तिशीचा एक तरुण आईला घेऊन ठाण्यात आला. त्याचे वडील सकाळी कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले ते परतलेच नव्हते. वय सत्तरच्या पुढे, मोबाइल घरीच. हवालदाराने मिसिंगचा फॉर्म भरला. उंची, वर्ण, अंगावरचे कपडे, असल्यास शारीरिक व्यंग. मी फोटो पाहिला आणि फॉर्म बाजूला ठेवला. असे फॉर्म आठवड्याला चार-पाच येतात, आणि साहेब झालेल्या माणसाला वाटतं की वाचायचं काम खालच्यांचं आहे.

तासाभरात माग लागला. एका किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात आजोबा खाडीच्या रस्त्याला वळताना दिसले. तो रस्ता कापड रंगवण्याच्या एका बंद कारखान्यापाशी संपतो. दिवेलागणीला मी चौघांना घेऊन तिथे गेलो. पत्रे उडालेल्या शेड, गंजलेला बॉयलर, कमरेएवढं गवत. "आजोबा! ओ आजोबा!" करून आम्ही कारखाना डोक्यावर घेतला. शिट्ट्या मारल्या. कबुतरं उडाली, बाकी काही नाही. अर्ध्या तासाने परत आलो आणि स्टेशन डायरीत मी ती सही केली.

मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांचे जबाब घेतले आणि माझे कान टवकारले. "रोज आरडाओरडा असतो हो त्यांच्याकडे," समोरच्या बाई म्हणाल्या. "रविवारी तर मुलगा बापावर केवढा ओरडला. एकट्याने कुठे जायचं नाही म्हणून. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला." सुतावरून स्वर्ग गाठायची आम्हा पोलिसांना सवयच असते. मी मुलाला चौकशीला बसवलं.

"रविवारी भांडण कशावरून झालं?"

"भांडण नाही झालं, सर."

"अख्ख्या मजल्याने ऐकलंय."

दोन तास मी तेच तेच फिरवून विचारलं. तो चिडला नाही, उलट बोलला नाही. शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, पप्पांना ऐकूच येत नाही. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत ड्रिल मारलंय त्यांनी. आम्ही 'जेवलात का' हेपण ओरडूनच विचारतो."

मी कालचा फॉर्म मागवला. शारीरिक व्यंगाच्या रकान्यात हवालदाराच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "ऐकू येत नाही." माझ्या हाताखालचा माणूस आपलं काम चोख करून मोकळा झाला होता.

तरीही मी स्वतःची समजूत घातली. आमच्या हाका त्यांना ऐकू गेल्या नसतील, पण माणूस कुठे पडला असेल तर स्वतः ओरडेलच की. बाहेर बाकावर आजोबांची पत्नी बसली होती. साठी उलटलेली, सडपातळ, पदर डोक्यावर. सकाळपासून तिने चहालाही हात लावला नव्हता. मी तिला धीर द्यायला गेलो. म्हटलं, "आजी, कारखाना आम्ही पाहिला. तिथे असते तर मदतीला ओरडले असते ना?"

ती म्हणाली, "नाई साहेब. ते नाई वरडनार. खदानीत दबलेला मानूस वरडत नसते. वरडलं का दम जाते. तो ठोकते."

"काय ठोकतो?"

"पाइप. नाई तं गोटा गोट्यावर. तीनदा ठोकते, थांबते, मंग पुन्ना तीनदा."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. ती अगदी शांतपणे सांगत होती. त्यांचं गाव उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीत, जिथे मालगाडीचा फाटा संपतो तिथे. विदर्भातून पोट भरायला गेलेल्या माणसांनी वसवलेलं. आधी खाण झाली, मग खोल्यांच्या रांगा, मग बुद्धविहार, शाळा आणि शेवटी बाजार. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. खाणीचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा, त्यावर गाव उठायचं नि झोपायचं. घरोघर कोळशाची शेगडी. पांढरं कापड आठवडाभर पांढरं राहिलं तर बायका हसून विचारायच्या, माहेरून आलीस का? पुढे खाण बंद पडली, भोंगा गेला, बाजार उठला. म्हातारेच तेवढे उरले. या दोघांना मुलाने दोन वर्षांपूर्वी इकडे आणलं होतं.

"पन भोंगा भलत्या टायमाले वाजला का," ती म्हणाली, "आख्खं गाव गप होये. चुलीवरचं भांडं खाली. लेकराच्या तोंडावर हात. कुत्रेसुदिक हाकलून देत. पानी उपसाचा पाइप खालतून वर येये ना, त्याले कान लावून बसत सारे. कोनी बोललं का त्याले मार पडे."

पाइप म्हटल्यावर मला काहीतरी खटकलं. रोज सकाळी स्टेशन डायरी वाचायचा माझा नेम होता आणि त्या सकाळी मी ती वाचली होती. डायरी मागवून पान उलटलं. साडेनऊची नोंद. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीतली मासे विकणारी बाई तक्रार घेऊन आली होती. चाळीच्या नळातून कालपासून ठकठक आवाज येतो. ठाणे अंमलदाराने तिला पाणी खात्याकडे जायची समज दिली होती. सगळे हसले होते. वाचताना मीही हसलो होतो.

आजीला आणि मुलाला जीपमध्ये घेऊनच निघालो. फायर ब्रिगेडला वाटेतूनच कळवलं. तक्रार घेऊन आलेली ती मासेवाली मावशी दारातच मासळी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलाव काय सायेब? सकाली तं तुमची मानसा मना येडी समजली. आमचे नलान कोनतरी हाय. पानी नसताना ठोकतंय."

नळाची लाइन जुनी, कारखान्यातूनच आलेली. मी कान लावला. पण चाळीत दुपारची गडबड होती. टीव्ही, मिक्सर, पोरांचं क्रिकेट, आमच्या जीपचं इंजिन, वायरलेसची खरखर. मी आजीकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

मी इंजिन बंद करायला लावलं, वायरलेसही. बाकीचं मावशीने केलं. "ए, टीवी बंद करा! पाच मिनटा कोनी हू का चू करू नका!" खाडीच्या वाऱ्यात हाका मारून कमावलेला आवाज तो. दोन मिनिटांत पन्नास बिऱ्हाडांची चाळ गप्प झाली. बायका हातात लाटणं घेऊन दारात उभ्या राहिल्या. एकीने रडणाऱ्या बाळाला छातीशी धरलं. आयुष्यात इतकी माणसं एकत्र इतकी शांत मी पाहिली नव्हती.

आजीने नळाला कान लावला. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, उशीर झाला. मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मग ती हळूच म्हणाली, "हायेत."

मीही कान लावला. ठक, ठक, ठक. शांतता. पुन्हा तीन. आजीने आमच्या ड्रायव्हरकडचा पाना मागून घेतला आणि पाइपवर तीन ठोके दिले. कानाला ऐकू येत नसलं तरी पाइप धरलेल्या हाताला कळतं. पलीकडून उत्तर लगेच आलं, घाईघाईने, एकामागून एक. तेव्हा कुठे ती धुण्याच्या दगडावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

बॉयलरखाली राख काढायचं तळघर होतं. वरचा पत्रा कुजून गवताखाली झाकला गेला होता. पाय पडला आणि आजोबा खाली गेले. घोट्याचं हाड मोडलं होतं. गळक्या पाइपाचं पाणी पंच्यात झेलून त्यांनी तहान भागवली होती. शेजारी पिशवी होती, तिच्यात बॉयलरच्या ढिगातले कोळशाचे तुकडे. त्या बाजूला फिरायला येता-जाता त्यांनी ते हेरून ठेवले होते. "मीच म्हनलं होतं," आजी कपाळावर हात मारत म्हणाली, "गॅसवरच्या वांग्याले चव नाई म्हनून."

चार दिवसांनी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. मला कबूल करायचं होतं. त्यांच्या कानाशी वाकून मी ओरडलो, "आजोबा, आम्ही सोमवारी संध्याकाळीच तिथे आलो होतो. खूप हाका मारल्या."

वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. आजोबा मान हलवत हसले.

"मालूम हाय. तुमच्या बुटायचा दनका पाठीले लागला. तवाच ठोकलं मी, लय ठोकलं." मग माझी बाजू घेतल्यासारखं म्हणाले, "पन तुमी आवाज देत असान, साहेब. कसं आयकू येइन?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत जिथे जिथे शोध घेतला, तिथे एक हाक मारायची आणि पाच मिनिटं सगळ्यांनी तोंड मिटून उभं राहायचं, असा नियम केला. नवीन पोरं कंटाळायची, घड्याळ बघायची. बघू दे. चौकशीच्या खोलीतही पुढे मी कमी बोलायला लागलो. त्या मुलाला दोन तास छळलं, त्यातली दहा मिनिटं त्याचं ऐकलं असतं तर फॉर्म तेव्हाच उघडला असता.

ती डायरी आता रेकॉर्ड रूममध्ये कुठेतरी धूळ खात असेल आणि माझी सही तशीच असेल. "हाका मारल्या, प्रतिसाद नाही." प्रतिसाद होता. आमच्या पायाखालीच होता, आणि आम्ही त्याच्यावर उभे राहून ओरडत होतो.