सोमाजींच्या पेटीतली हिरवी जर्सी

सोमाजी उमरेडकरांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही अंगठा आणि तर्जनीत धरली, डोळे मिटले, दोनदा चोळली आणि म्हणाले, "पॉपलीन हाय, पण दुसऱ्या दर्जाचं. दुकानदारानं तुम्हाले पहिल्याचं म्हणून चिपकवलं, मास्तर." मी शाळेत मास्तरकी धरून नागपूरच्या पाचपावलीत त्यांच्या शेजारी खोली घेऊन नुकताच उतरलो होतो, सामान अजून रिक्षातच होतं, आणि तो सदरा माझ्याजवळचा सगळ्यात चांगला सदरा होता. रागच आला. संध्याकाळी त्यांच्या घरून वाटीभर झुणका आणि दोन भाकरी आल्या, तेव्हा तो गेला.

सोमाजी जातीचे कोष्टी. बापाच्या हातमागावर लहानपण गेलं आणि पुढे ते गिरणीत कापड तपासायला लागले. कापडाच्या थानावरून नुसता हात फिरवायचे आणि तुटलेला धागा बोटाला सापडायचा. गिरणीतले लोक म्हणायचे, सोमाजीचे डोळे गेले तरी नोकरी जाणार नाही. पण ही झाली पोटाची विद्या. जीव होता तो हॉकीत, आणि हॉकीतही फक्त भारत-पाकिस्तान. बाकीच्या देशांशी आपण खेळतो ते "हात मोकळे करायले", असं त्यांचं मत होतं. तरुणपणी कामठीच्या मैदानावर पलटणीतल्या जवानांशी ते अनवाणी खेळले होते. त्याची खूण म्हणून डाव्या नडगीवर एक टेंगूळ होतं, ते आल्यागेल्याला दाखवलं जायचं.

घरात एक लोखंडी पेटी होती. त्यांची बायको, रुखमावहिनी, लग्नात ती माहेरून घेऊन आल्या होत्या, लुगडी ठेवायला. लुगडी केव्हाच दोरीवर गेली आणि पेटीत हॉकी शिरली. कोणत्या तरी सामन्याची अर्धी फाटलेली तिकिटं, एका बुटाची नाडी, मोडक्या स्टिकचं वाकडं टोक, औषधाच्या बाटलीत भरलेली मैदानाची माती, तीन भाषांतल्या वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यातली इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, ती मी वाचून दाखवायचो. मोसंबीची एक वाळून काळी झालेली फोडही होती. मध्यंतरात आपल्या एका खेळाडूनं चोखून टाकलेली म्हणे. रुखमावहिनी त्या फोडीकडे बोट दाखवून मला म्हणायच्या, "पाहा भाऊजी, माहा शालू दोरीवर, अन् कोणाची उष्टी मोसंबी पेटीत!" सोमाजी शांतपणे उत्तर द्यायचे, "शालू दुकानात भेटते वं. ही फोड भेटते काय?"

प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी सुताने बांधलेली असे. वस्तू कोणती, कोणत्या सामन्यातली, कोणी आणून दिली, खरी असल्याचा पुरावा काय, हे सगळं बारीक अक्षरात. गिरणीत थानाला चिठ्ठी लावतात, तशीच. अक्षर असं की ज्ञानेश्वरी लिहावी, आणि मजकूर 'बुटाची नाडी, उजवा पाय'.

टोकियोच्या फायनलच्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे रेडिओ ऐकायला गेलो. मला काय ठाऊक, की त्या घरात सामना ऐकायचेही कायदे आहेत! आपला गोल झाला तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. झालं, सामना संपेपर्यंत त्यांना बसायची बंदी. मी नेमकं तेव्हा नाक खाजवत होतो, म्हणून मला दर पाच मिनिटांनी "मास्तर, नाक!" अशी आठवण होत होती. आपण जिंकलो. चार वर्षांपूर्वी रोमला पाकिस्ताननं नेलेलं सुवर्णपदक परत आलं. सोमाजी रडले, वहिनी एकदाच्या बसल्या, आणि माझं नाक दोन दिवस लाल होतं.

पेटीच्या बाबतीत मात्र गंमत चालत नसे. एकदा इतवारीतले एक कापडवाले शेठ फायनलमधला म्हणून एक चेंडू घेऊन आले. सोमाजींनी त्यांना चहा पाजला, चेंडू हातात फिरवला, नाकाशी नेला आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवला. "शेठ, हा चेंडू गवतात गेलाच नाई. दुकानातून सिद्धा माह्या घरी आला." शेठ फार रागावले. ते गेल्यावर सोमाजी मला म्हणाले, "खोटं सामान एकदा आत गेलं ना मास्तर, का मंग खऱ्यावरही कोणी भरोसा करत नाई. पेटी बाटते." हा त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी सख्ख्या भाच्यासाठीही मोडला नव्हता. भाच्यानं आणलेली टोपी त्याच्याच डोक्यावर घालून त्याला परत पाठवलं होतं.

पेटीच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा कायम रिकामी असे. खाली स्वच्छ धुतलेला पांढरा पंचा अंथरलेला. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, इथे काय ठेवता?

"ते पाकिस्तानची जागा हाय."

मी हसलो. त्यांना ते आवडलं नाही. "हसता काहून गा? एका टीमची मॅच होते काय? इतकं सामान हाय, सारं आपलंच. समोरच्याची एक वस्तू नाई. अर्धीच मॅच झाली ना हे!" मग म्हणाले, "ते लोक नसते तं आपल्याले कोणी इतकं पळवलं असतं?" पुढे एकाहत्तरची लढाई झाली. गल्लीतल्या काही लोकांनी त्या कोपऱ्यावरून त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण कोपऱ्यात दुसरं काही ठेवलं नाही. दर दिवाळीला पंचा धुऊन परत अंथरायचे.

लढाईनंतर सहा-सात वर्षांनी पाकिस्तानचा संघ भारतात खेळायला आला. एक सामना मुंबईत होता. माझा मावसभाऊ मुंबईला असे, त्याने दोन तिकिटं मिळवली. सोमाजी त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले. भारत-पाकिस्तान सामना त्यांनी जन्मात डोळ्यांनी पाहिला नव्हता, जे काही पाहिलं ते रेडिओवर. महिनाभर आधी त्यांनी वळकटी बांधून ठेवली. आणि निघायच्या चार दिवस आधी त्यांचा हर्निया असा काही उलटला, की त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन पोट फाडावं लागलं.

मी म्हटलं, मीही जात नाही. ते खाटेवरून ओरडले, टाके ताजे असताना. "जा म्हणतो ना! तुम्ही बी नाई गेले तं कोण आणन? काही बी आणजा. नाडी, बटन, घाम पुसलेला रुमाल. पण त्यायच्या अंगचं पायजे. ही एकच बारी हाय मास्तर, मंग ते कधी येतात अन् मी राहतो का नाई, कोणाले मालूम!" मी त्यांच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

आता जे झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नसे, सोमाजींच्या सोबतीनं ऐकलं तेवढंच. पण तो सामना डोळ्यांसमोर सुरू झाला आणि मी माझा राहिलोच नाही. भूगोल शिकवणारा चाळिशीचा मास्तर बाकावर उभा राहून बोंबलत होता. बाहेर पडलो ते गर्दीबरोबर, कोणा अनोळखी माणसाच्या गळ्यात हात टाकून, हातातलं तिकिटाचं अर्धुक हवेत भिरकावून. चहाच्या टपरीवर पोचलो तेव्हा वचन आठवलं. धावत परत गेलो. खेळाडूंची बस गेली होती, फाटकाला कुलूप होतं, आणि आतला पहारेकरी मला शंभर हात लांबूनच हाकलत होता.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. नागपूरला उतरलो आणि दवाखान्यात जायचं धैर्य झालं नाही. मुंबईहूनच ताप घेऊन आलो असा निरोप मी पाठवला. इतवारीतून एक पांढरी, अर्ध्या बाह्यांची जर्सी घेतली, तिथल्याच एका रंगाऱ्याकडून हिरवीगार रंगवून घेतली, वाळवली, आणि आमच्या न्हाणीघरामागची माती बाहीला चोळली. दोन दिवस गेले यात. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो.

वर्गात सत्तर पोरांची चोरी पकडणारा हा मास्तर इतका निर्बुद्ध कसा, ते देव जाणे. जन्मभर कापड तपासलेल्या माणसाला मी कापडातच फसवायला निघालो आहे, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा जर्सी दवाखान्याच्या खाटेवर त्यांच्या हातात गेली होती. त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी कापडावरून फिरली, एकदा, दोनदा, मग पुन्हा. 

"कोणाची?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"त्यांच्या... लेफ्ट आऊटची."

"हं. अन् तुमचं तिकीट?"

"ते फेकलं," मी म्हणालो. त्या भेटीत मी बोललेलं हे एकच खरं वाक्य.

सोमाजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग जर्सी छातीवर ओढून घेतली आणि म्हणाले, "बहुत तरास झाला असन तुम्हाले. जा, झोपा आता. ताप हाय ना!" मी सुटलो. आजारपणात माणसाची बोटं बधिर होतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जर्सी उजव्या कोपऱ्यात गेली. त्यानंतर मुंबई-दिल्लीकडे जाणाऱ्याला "त्यायचं काही भेटलं तं पाहजा" असं सांगणं सोमाजींनी बंद केलं. हे मला लागलं. पंधरा-सोळा वर्षांचा शोध माझ्या एका खोट्यापायी संपला होता. कितीदा वाटलं सांगून टाकावं. पण त्यांनी पेटी उघडली, की मी वह्या तपासायच्या आहेत म्हणून उठायचो. आमच्या शाळेच्या संमेलनात मी त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन मांडलं. त्यांनी सगळ्या वस्तू टेबलावर लावल्या, मोसंबीची फोडसुद्धा, पण जर्सी पेटीतून काढली नाही. मला मनातून हायसं वाटलं, तरी विचारलं. म्हणाले, "राहू द्या. ते लोकायले दाखवाचं नाई."

ब्याऐंशीला दिल्लीत पाकिस्ताननं आपल्याला सात-एकनं हरवलं. गल्लीत सुतक आल्यासारखं झालं होतं. सोमाजींनी सकाळी स्वतः चौकात जाऊन पाच वर्तमानपत्रं आणली आणि कात्री घेऊन बसले. वहिनी चिडल्या, "हे बी ठेवता काय?" सोमाजी म्हणाले, "हे तं आधी ठेवावं लागते वं. जिंकल्याचं कोणी बी ठेवते." त्या दिवशी मात्र त्यांची चिठ्ठी दोनदा चुकली आणि गाठ मला बांधावी लागली.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून पडले असताना सोमाजी गेले. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. पेटी ओसरीवर काढून ठेवली होती. "तुम्हाले द्याले सांगून गेले होते," त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचता-लिहिता म्हणून." मी झाकण उघडलं. वर्षानुवर्षं मी त्या जर्सीकडे नीट पाहायचं टाळलं होतं, तिची चिठ्ठी तर कधी वाचलीच नव्हती. त्या दिवशी जर्सी हातात घेऊन चिठ्ठी उलटून पाहिली. तेच बारीक सुबक अक्षर:

'हिरवी जर्सी. मॅचमधली नाही. सूत नागपूरचे, रंग इतवारीचा, कच्चा. माती मास्तरच्या न्हाणीमागची. आणणारे: मास्तर, माझ्या आपरेशनात, खरे तिकीट फेकून. माझ्यासाठी दोन दिवस खपले. जागा भरली. काढू नये.'

मी मान वर केली तर वहिनी डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "तुम्ही दवाखान्यातून गेले ना, तं त्यायनं मले हात दाखवला. पंजा हिरवागार! इतके हासले, भाऊजी, का टाके दुखाले लागले, नर्सबाई धावत आली. मी म्हटलं, सांगा ना मास्तरले. तं म्हणे, 'खबरदार. माह्यासाठी झूठ बोलाले इतकं कोण खपते वं? त्याले वाईट वाटन.'"

ज्या माणसानं भाच्याची टोपी परत केली, शेठचा चेंडू परत केला, त्यानं आपला एकमेव नियम माझ्यासाठी मोडला होता, आणि तोही चिठ्ठीवर सगळं खरं लिहून. मी त्या ओसरीवर बसून रडलो, वहिनींसमोर, शरम न बाळगता. त्यांनी तांब्या पुढे केला. तोंडावर हात फिरवून मी तळव्याकडे पाहिलं, तर बोटं हिरवी झाली होती. सात वर्षांनीही इतवारीचा रंग सुटत होता.

"धुवा ना भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"धुतो," मी म्हणालो, आणि तसाच पेटी उचलून घरी आलो.