रिकाम्या कणगीचं वजन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतो. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय… माझा यातल्या कशावर तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. वजनकाटे, प्रेशर गेज, व्हॉल्व्ह, यातच आयुष्य गेलं. काटा चुकला तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, असं मी पुढे कितीतरी नवशिक्यांना शिकवलं. एकाच काट्याचं कारण मला सापडलं नाही. तेवढंच लिहितोय. पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. रत्नागिरीसमोरच्या समुद्रात तेल आणि गॅस शोधायला विहिरी खोदत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला त्रास नको. मिऱ्याच्या अंगाला जेटीजवळ आमचा प्लांट होता. विहीर खोदताना भोकात सतत एक जड चिखल सोडत राहावा लागतो, नाहीतर खालचा गॅस उसळून वर येतो. बराइट नावाच्या दगडाची पूड, चिकणमाती आणि पाणी असा तो चिखल आम्ही किनाऱ्यावर कालवायचो आणि बोटीतून तो समुद्रातल्या रिगवर, म्हणजे खोदकामाच्या फलाटावर, जायचा. ती पूड एवढी जड की पन्नास किलोचं पोतं उशीएवढं दिसायचं.

आधी सगळं हाताने चालायचं. पोती फाडा, ओता, अंगभर पूड घेऊन घरी जा. मग ऑटोमॅटिक मशीन आलं. वर पुडीची मोठी टाकी. तिच्या खाली वजन करायचं हॉपर, म्हणजे माणूस आत उभा राहील असं पोलादी पिंप, चार पायांवर. पायांखाली लोड सेल, म्हणजे वजन कळवणारे सेन्सर. केबिनमधल्या पॅनेलवर वजनाचे लाल आकडे दिसायचे. ठरलेलं वजन भरलं की वरची झडप आपोआप बंद, खालची उघडी, आणि पूड मिक्सरमध्ये. भाताची कणगी असते तसं ते पिंप दिसायचं, म्हणून आमची माणसं त्याला कणगीच म्हणायची.

पॅनेलवर मी असायचो. आणि कणगीवर माझे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. वसंतराव. मुंबईला गिरणीत होते, गिरण्या बसल्या तसे आपल्या गावी, पावसला, परत आले आणि या प्लांटवर लागले. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो. मेडिकलला एकापाठोपाठ काट्यावर चढलो. त्यांचं वजन बासष्ट भरलं, माझं पन्नास. झालं… तेव्हापासून माझं नाव पोतं. "काय पोत्या, जेवलास काय?" चारचौघांत. राग यायचा, पण भावोजींवर राग टिकायचा नाही.

समुद्राच्या दमट हवेने पूड कणगीच्या आतल्या बाजूला धरायची, ढेकळं व्हायची. मग कुणीतरी आत उतरून खरवडायचं. त्यासाठी भावोजींनी गिरणीतून एक पद्धत आणली होती. आत शिरायच्या आधी मशीनचा फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा. फ्यूज खिशात आहे तोवर मशीन कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. बाहेर आले की खिशातनं काढून माझ्या हातात देणार, "घे, लाव तुझी चूल."

पण फ्यूज काढला की पॅनेलमधली सगळी सेटिंग पुसली जायची, परत भरण्यात तास मोडायचा. मुंबईहून मशीनवाले साहेब आले होते, त्यांनी ही पद्धत बंद केली. माणूस वाईट नव्हता, उगाच त्याला दोष देणार नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. कणगीत दहा-वीस किलो जरी शिल्लक असतील तरी हे मशीन वरची झडप उघडत नाही, तशी त्यात सोय आहे. मग माणूस आत असताना ते चालू होईलच कसं? पटवून देण्यासाठी साहेब स्वतः बूट काढून आत उतरले. पॅनेलवर त्यांचं वजन आलं, लाल दिवा लागला, मी चालूचं बटण दाबलं तरी मशीन ढिम्म. भावोजींनी मान डोलावली. पण फ्यूज ठेवायचा खिसा ते त्यानंतरही चाचपायचे, सवयीने.

शिमगा झाल्यावर ते सुरू झालं.

कणगी रिकामी झाली की आकडा शून्यावर यायला हवा. एक दिवस तो बासष्टवर येऊन थांबला. मी वर चढून आत बॅटरी मारली. आत काही नाही, स्वच्छ. खाली आलो, तरी बासष्ट. आता वाचणाऱ्यांत कुणीतरी लगेच म्हणेल, लोड सेल बिघडले असतील. बिघडतात ना, तेच दुरुस्त करून मी पोट भरलंय. चारही सेल तपासले, केबल बदलल्या, पाय कुठे घासतायत का पाहिलं. बिडाची प्रमाणित वजनं आत ठेवून बघितली. वीस ठेवले की आकडा बरोबर वीसने वाढायचा, काढले की वीसने उतरायचा. काटा चोख होता. फक्त त्याच्या मते आत बासष्ट किलो आधीच होते.

मला आवडलं नाही ते दुसरंच. बिघडलेला काटा एक तर हळूहळू सरकत जातो, नाहीतर एका जागी मेल्यासारखा राहतो. हा तसं करत नव्हता. मशीन बंद, वारा नाही, जेवणाची सुट्टी… आणि आकडा एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. मध्येच थोडा वेळ स्थिर. पुन्हा एकसष्ट. उभ्या माणसाने या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा तसं.

मी भावोजींना केबिनमध्ये बोलावून दाखवलं. गमतीतच म्हणालो, "भावोजी, तुम्ही आत बसलायत बघा."

ते आकड्याकडे बघून हसले. "बरा हाय की. मी आत, नि पगार बाहेरचा घेतो." मग जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शून्य कर रे ते. बरा नाय वाटत."

मला ते करता येत नव्हतं, किल्ली साहेबांकडे होती. आणि इकडे मशीन काही चालेना, कारण कणगी भरलेली आहे अशीच त्याची समजूत. रिगवरून वायरलेस यायला लागले, चिखल पाठवा. शेवटी साहेबांनी ते बासष्ट किलो मशीनला विसरायला लावले. म्हणजे बासष्ट असतील तेच शून्य, असं धरायला लावलं. वजनकाट्यावर रिकामं भांडं ठेवून शून्य करतात ना, तसं. मग पुन्हा स्वतः आत उतरून खात्री केली. पॅनेलवर त्यांचं वजन बरोबर दिसलं, मशीन अडलं. सगळं रीतसर. काम सुरू झालं, आणि त्यानंतर बरेच दिवस पूड धरली नाही, कुणाला आत उतरावं लागलं नाही.

त्या दिवसांत एका रविवारी मी पावसला आक्काकडे गेलो होतो. भावोजी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून फणसाचे गरे खात होते, मलाही देत होते. आक्का आतून म्हणाली, "झोपाळ्याला तेल घातलंत वाटतं. हल्ली कुरकुरत नाही अगदी." ते म्हणाले, "मी कशाला घालू? तूच घातलं असशील." तिथेच ते बोलणं संपलं. आम्ही आंब्याच्या कलमांवर पडलेल्या तुडतुड्या किडीबद्दल बोलत बसलो.

मे महिना उजाडला. त्या दिवशी उकाडा असा की कणगीच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. बोट जेटीला लागलेली, रिगवर कसली तरी अडचण, चिखल ताबडतोब हवा होता. आणि नेमकी पूड धरली. कणगीच्या वर, झडपेच्या तोंडाशी ढेकूळ अडकलं. जेवण नुकतं झालं होतं. भावोजी खरवडायचं खोरणं घेऊन केबिनच्या दारात आले.

"सदू, मी उतरतोय. फ्यूज काढू काय?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "वसंतराव, आता सेटिंग घालवू नका. तुम्ही आत गेलात की ते आपोआप अडणार आहे. मी स्वतः उतरून दाखवलंय ना?" भावोजी बरं म्हणाले आणि शिडीकडे गेले. खिशावर हात तसाच.

मी पॅनेलसमोर बसलो. आकडा शून्य. मी तो बासष्ट व्हायची वाट बघत होतो. शिडीवरचे त्यांचे पाय ऐकू आले, वरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, खोरणं पत्र्यावर आपटलं. आकडा शून्य. खरवडायला लागल्याचा आवाज आला. आकडा शून्यच. मशीनचा हिरवा दिवा लागलेला.

मी म्हणालो, "साहेब, भावोजी आत आहेत."

साहेबांनी आकड्यावर बोट ठेवलं. "आत असते तर इथे दिसले नसते का? वरून खरवडत असतील."

आयुष्यभर आकड्यावर विश्वास ठेवणारा मी. तरी म्हटलं, थांबा, बघून येतो, आणि पळालो. साहेबांनी ऐकलं असेल, नसेल. वायरलेस बोंबलत होता, आणि हिरवा दिवा बघून त्यांनी चालूचं बटण दाबलं. मी शिडीच्या अर्ध्यावर असताना हवेचा फुस्स आवाज झाला. वरची झडप उघडताना व्हायचा तो. मग पूड पडल्याचा. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही. ज्वारीचं पोतं ओतल्यासारखा, पण थांबतच नाही असा.

ओरडलो, स्टॉप स्टॉप. साहेबांनी बटण दाबलंच, लगेच दाबलं. पण बराइट आहे ते. बघता बघता आत टनभर जाऊन पडतं. खालची झडप हाताने उघडून, पूड सोडून, आम्ही सगळ्यांनी मिळून भावोजींना बाहेर काढलं, तोवर काही उरलं नव्हतं. तोंडात, नाकात, डोळ्यांत पूड. उजवा हात खिशावर दाबलेला.

त्यांना सिव्हिलला नेलं. मी मागे केबिनमध्ये शिरलो, मशीन बंद करायला. साहेब खुर्चीत बसले होते, पॅनेलकडे बघत. कणगी आता पूर्ण रिकामी होती, खालची झडप उघडी, आतून झाडून घेतलेली.

आकडा होता उणे बासष्ट.

जरा विचार करा याचा अर्थ काय होतो. ज्या बासष्ट किलोंना आम्ही शून्य धरलं होतं, ते आता आत नव्हते. भावोजी आत उतरले तेव्हा वजन वाढलं नाही, कारण ते आधीच धरलेलं होतं. आणि त्यांना बाहेर काढल्यावर तेवढंच कमी झालं. मी हिशेब उलटसुलट करून पाहिला. दुसरं उत्तर येत नाही.

साहेब उठले, फ्यूज उपटला आणि स्वतःच्या खिशात घातला. पंचनामा, चौकशी, सगळं झालं. मशीन बिघडलं असा शेरा बसला. विहिरी कोरड्या निघाल्या, कंपनीने गाशा गुंडाळला. लोड सेल मी स्वतः काढून पुन्हा तपासले होते. चारही उत्तम होते.

तेराव्यानंतर मी पावसला थांबलो होतो. माणसं पांगली. मी पडवीत आलो आणि काही न सुचून झोपाळ्यावर बसलो. झोपाळा करकरला. मोठ्याने, पूर्वी करकरायचा तसा.

आक्का आतून आली. तिच्या हातात निवडायच्या तांदळाचं सूप होतं. ती दारात उभी राहून झोपाळ्याच्या कड्यांकडे बघत राहिली.

"मी तेल नव्हतं घातलं सदू," ती म्हणाली. "यांनीही नव्हतं. इतर कुणी बसलं तर करकरायचा. हे बसले की नाही. मी म्हटलं, वाळलेत उन्हातान्हाने. खाटेवर निजले तरी खाट वाजायची नाही."

तिला काट्याचं कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा, त्या संध्याकाळी. सगळं. शिमग्यापासूनचं. ती ऐकत होती. रडली नाही. सुपातले खडे वेचत होती, ते हात थांबले.

"म्हणजे शिमग्यापासून ते तिकडे होते," ती म्हणाली. "मग माझ्याकडे रोज जेवायला कोण येत होतं रे?"

आक्का आता थकलीय. अजून पावसलाच असते. हा प्रश्न तिने मला पुन्हा कधी विचारला नाही, आणि मीही काढत नाही. कुणाला उत्तर माहीत असेल तर मला कळवा. तिला नको.